कारवारच्या खडकावरचं भांडण

आक्का, तू मला ढकललंस.

हे मी तुला किती वेळा ऐकवलं असेल, आणि दर वेळी तुझं उत्तर एकच. "मी मागंच हुतो रं बाळू, खरं ढकललो न्हाय." या उत्तरावर आपले जावईबापू पहिल्यांदा चांगलेच फसले होते. ते पुण्याचे. सासूबाई स्वतःला 'हुतो' आणि 'ढकललो' का म्हणतात हेच त्यांना आधी कळेना, आणि मधलं ते 'खरं' ऐकून त्यांना वाटलं की आई शपथेवर सांगतायत. आपल्याकडच्या बायका अशाच बोलतात आणि आपल्याकडं 'खरं' म्हणजे 'पण', हे त्यांच्या गळी उतरवेपर्यंत चहा गार झाला. शेवटी ते म्हणाले, "म्हणजे तुम्ही मागं होतात, पण ढकललं नाहीत." तू म्हणालीस, "आता कसं बोललासा!" आणि माझ्याकडं असं बघितलंस की जणू कोर्टानं निकाल दिला.

आज हे ऐकायला तू नाहीस. तुझं तेरावं झालं आणि मी तुझ्या निपाणीहून बेळगावात, टिळकवाडीच्या या दोन खोल्यांत परत आलो. दिवेलागणीला फोन हाताशी घेऊन बसायची सवय अजून सुटलेली नाही. रोज त्याच वेळेला तू फोन करायचीस आणि विचारायचीस, "जेवलास का?" दिवेलागणीला कोण जेवतं, आक्का? नाही म्हणालो तर ओरडायचीस, जेवलो म्हणालो तर काय जेवलास ते विचारायचीस. एकटा पुरुष घरी आमटी-भात करून खातो यावर तुझा कधी विश्वास बसला नाही. आता तो प्रश्न कुणी विचारत नाही. परवा मी आमटी केली, ताट वाढून घेतलं आणि बराच वेळ तसाच बसून राहिलो. घर इतकं गप्प असतं हे मला एवढ्या वर्षांत कळलं नव्हतं, कारण कुठल्याही खोलीत असलो तरी तुझा आवाज त्यात येऊन गेलेला असायचा.

भांडण कुठून सुरू झालं ते तुला पाठ आहे. तरी पहिल्यापासून सांगतो. तुलाही तीच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायची खोड होतीच, तेव्हा आज माझी पाळी.

तुला साठ पुरी झाली आणि वीणाचा बंगळूरहून फोन आला. लोक आईबापाची साठीशांत घालतात, तुझ्या लेकीला समुद्र सुचला. "मामा, आपण सगळे कारवारकडं कोस्टीअरिंगला जायाचं. तू आईला तयार कर." मी म्हटलं, हे काय असतं? तर म्हणाली, किनाऱ्याच्या खडकांवरनं चढत, उतरत, मधे पाणी आलं की पोहत आणि कुठं उंच खडक लागला की तिथनं उडी मारत पुढं जायचं. अंगात जॅकेट, डोक्यावर हेल्मेट, बरोबर शिकवणारं माणूस. भ्यायचं काही नाही. मला भ्यायचं सगळंच वाटलं, पण मी तुझ्यावर भरवसा ठेवला होता. मनात म्हटलं, आक्का नाही म्हणेल आणि परस्पर काटा निघेल.

तुला फोन केला, तर तू आधी नावावरच अडलीस. "कोष्टीरिंग? म्हंजे कोष्ट्याच्या मागावर बसवणार हाय व्हय मला ह्या वयात?" मी नीट समजावून सांगितलं. तर तू म्हणालीस, "म्हंजे हिरीवर करत हुतो तेच की रं. त्याला पैसे घेत्यात व्हय?" माझा बेत तिथंच बुडाला.

हिरीवर म्हणजे कंग्राळीच्या आपल्या विहिरीवर. तिथं तू अख्ख्या आळीला पोहायला शिकवलंस. पोरी पोहत नसत त्या काळात तू काष्टा मारून, गुडघे पोटाशी घेऊन धावेवरनं मुटका टाकायचीस आणि पाणी थेट मोटेच्या दगडापर्यंत उडायचं. आई कपाळाला हात लावायची. माझ्या पाठीला पत्र्याचा डबा बांधून तू मला काठावर उभं केलंस तेव्हा मी दुसरीत असेन. रडत होतो. तू म्हणालीस, "रड, खरं खाली बघू नको." आणि ढकललंस. त्या वेळी तू ढकललं होतंस हे तूही कबूल करायचीस. मी पाण्यात गेलो आणि वर येऊन डोळे उघडतो तोवर तू माझ्या मागोमाग उडी टाकून शेजारी हजर. "काठ धर, काठ धर," एवढंच सांगत होतीस. विहिरीत पोहणाऱ्याचा हा पहिला धडा. काही झालं तरी काठ गाठायचा, कपारीत बोटं अडकवायची, मग रडायचं ते रड. मी त्या दिवशी काठ धरला आणि पुढं आयुष्यभर धरूनच ठेवला असं तू म्हणायचीस. एक नोकरी, एक घर, लग्नही नाही. बोलताना तू कुणाची भीड ठेवली नाहीस.

खानापूर, रामनगर करत आपण गेलो तो प्रवास आठवतो का? घाटात मला मळमळत होतं आणि तू दशम्या सोडून बसली होतीस. वाटेत चहाला थांबलो तिथं हॉटेलवाल्या बाईशी तुझी कन्नडमधून पाच मिनिटांत ओळख निघाली. तिची मावसबहीण चिक्कोडीला दिलेली निघाली, आणि चिक्कोडी म्हणजे तुझं अंगणच. माझं कन्नड कॉलेजच्या ऑफिसातलं. अर्ज, सही, शिक्का, 'नाळे बन्नी', म्हणजे उद्या या, यापलीकडं ते फारसं गेलं नाही. तुझं बाजारातलं, शेतातलं, भांडणातलं. तू कन्नडमध्ये भांडायला लागलीस की मला नेहमी वाटायचं, हिला दोन जिभा आहेत.

समुद्रावर पोचलो तर शिकवणारी बाई निघाली, शर्मिला नावाची. चाळिशीची, उन्हानं रापलेली, आवाज असा की लाटेच्या पलीकडं पोचावा. तिनं तुझ्या डोक्यावर हेल्मेट चढवलं तेव्हा तू म्हणालीस, "ही बुट्टी कशाला? मी काय शेणाला निघालोय?" वीणाची ट्रॅकपँट, वर तुझा पोलका, त्यावर नारंगी जॅकेट. असं ध्यान मी जन्मात बघितलं नव्हतं. हसू आवरेना तेव्हा तू मला चिमटा काढलास. जावईबापूंनी पाणी बघितल्याबरोबर सांगून टाकलं की कुणीतरी चपला आणि मोबाईल सांभाळायला हवंच. तुला ते मनापासून पटलं. "शाना हाय पोरगा," म्हणालीस.

पाण्यात पाय घालायच्या आधी तू वाकलीस, ओंजळभर पाणी घेऊन डोळ्यांना लावलंस. शेतावरच्या विहिरीलाही तू हेच करायचीस. शर्मिला थांबून बघत राहिली आणि मग तिनंही तसं केलं. मला ते फार बरं वाटलं. हे तुला सांगायचं राहूनच गेलं.

पहिला तासभर तूच पुढं होतीस. खडकाच्या कडेला पोटानं चिकटून चालायचं, दोन खडकांच्या मधे पाणी आत-बाहेर होत असायचं तिथं पोहून पलीकडं जायचं. वीणा मला म्हणाली, "मामा, आईकडं बघ की, सरड्यागत चाललीया." तू मागं वळून बघायचीस आणि मला हाक द्यायचीस. मी येत होतो. गुडघे खरचटत होते, तोंडात खारट पाणी जात होतं, पण आक्का, मी सुखात होतो. मी, तू, तुझी लेक, आणि पलीकडं वाळूवर चपला राखत बसलेला जावई. इतकी माणसं माझी आहेत असं मला त्या दिवसाआधी वाटलं नव्हतं.

मग तो खडक आला. फार उंच नव्हता म्हणतात, तरी वरनं मला कंग्राळीची विहीर उथळ वाटायला लागली. वीणा पहिल्यांदा गेली आणि खाली पाण्यात तरंगत आमच्याकडं बघत राहिली. मग शर्मिलानं मला कडेला उभं केलं. तू मागं होतीस. "जा रं, मी मागंच हाय," असं म्हणालीस. शर्मिला कन्नडमधून मोजायला लागली, ओंदु, एरडु, मूरु, आणि ओरडली, "हारी!"

हारी म्हणजे उडी मारा. हे मला कळत होतं. उभा जन्म बेळगावात गेला, एवढं कन्नड कळतं मला. पण माणूस भ्याला की त्याची दुसरी भाषा आधी पळून जाते. मला ऐकू आलं, 'हरी!' मला वाटलं, बाई देवाचं नाव घेतेय, म्हणजे काहीतरी वाईट होणार. मी दोन्ही हात जोडले आणि जागेवरच उभा राहिलो. खालनं वीणा हसतेय, शर्मिला पुन्हा ओरडतेय, हारी, हारी, आणि मी डोळे मिटून नमस्कार करतोय. ही गोष्ट तू अख्ख्या निपाणीला सांगितलीस. तंबाखूच्या वखारीपासून बसस्टँडपर्यंत एक माणूस उरला नसेल ज्याला बेळगावच्या बाळूचा हरी माहीत नाही.

आणि तेवढ्यात माझ्या पाठीला हात लागला. दोन्ही खांद्यांच्या मधे, जिथं लहानपणी डबा बांधलेला असायचा तिथं. मी पाण्यात.

वर आलो तेव्हा नाकातोंडात मीठ आणि डोळ्यांत आग. समोर खडक दिसला. मी त्याच्याकडं हात मारत सुटलो. शर्मिला ओरडत होती, "दूर! दूर!" हा शब्द दोन्ही भाषांत एकच, तो मला चांगला समजला. समुद्रात खडकापासून लांब राहायचं, लाट तुला उचलेल त्या वेळी चढायचं, हे तिनं सकाळीच घोटून घेतलं होतं. पण त्याच वेळी वरनं तुझा आवाज आला, "काठ धर रं बाळू! काठ धर!" मग मी कुणाचं ऐकणार? काठ धरला. पुढच्याच लाटेनं मला खडकाला चिकटलेल्या धारदार कालवांवर असा घासला की कोपर सोलून निघालं. विहिरीत शिकलेल्या माणसाला समुद्रानं दिलेली ती थप्पड. शर्मिलानं उडी टाकून मला ओढून खडकाच्या खोबणीत नेलं, मी कितीतरी वेळ डोळे मिटून खोकत होतो, आणि डोळे पुसून बघतो तर तू शेजारी पाण्यात. नारंगी जॅकेट, तिरकं झालेलं हेल्मेट. माझं कोपर बघून तू पहिलं काय म्हणालीस? "आपापला उडी मारलास की रं!"

"ढकललंस की तू," मी म्हणालो.

"मी मागंच हुतो, खरं ढकललो न्हाय."

तिथनं सुरू झालं. रात्री जेवताना झालं, परतीच्या वाटेवर झालं. पुढं दर दिवाळीला, दर लग्नात, मधे कुणाचं बारसं असेल तर तिथंही. मी म्हणायचो, पाठीला हात लागला तो काय समुद्रानं लावला? तू म्हणायचीस, तुला मागं कोणतरी लागतंयच, म्हणून लागल्यागत झालं. वीणा वैतागून म्हणायची, "सीमाप्रश्न सुटंल, खरं तुमचं दोघांचं न्हाय सुटायचं." कॉलेजात मी माझ्या बाजूनं सांगायचो, आमच्या बहिणीनं साठाव्या वर्षी मला समुद्रात ढकललं. लोक हसायचे आणि मला बरं वाटायचं. आक्का, खरं सांगतो, मला ते ढकलणं आवडलं होतं. या वयातही माझ्या मागं कुणी आहे, आणि मी अडलो तर ते मला पुढं लोटेल, एवढी चैन किती जणांच्या नशिबात असते? पण हे मी तुला बोललो नाही. बोललो असतो तर तू म्हणाली असतीस, "बघ, कबूल झालास का न्हाय, मी मागंच हुतो." आणि भांडण संपलं असतं.

शेवटच्या आठवड्यातही तू सोडलं नाहीस. उशीला टेकून बसली होतीस, आवाज पार खाली गेला होता. मी तुझा हात हातात घेतला, तर म्हणालीस, "ह्याच हातानं ढकललो म्हणतोस न्हवं?" मी म्हटलं, व्हय. तू हसलीस. मग म्हणालीस, "जेवलास का?" आपलं शेवटचं बोलणं एवढंच. काहीतरी मोठं बोलायला हवं होतं असं मला घरी येताना बसमध्ये वाटत होतं. आता वाटतं, दुसरं काय बोलणार होतो आपण.

तेराव्याला पंगती उठल्या, पाहुणे पांगले. मी आणि वीणा मागच्या पडवीत भांडी पुसत बसलो होतो. मी सवयीनं म्हणालो, "आता मला ढकलणारं कोण उरलं न्हाय गं." वीणा पुसता पुसता थांबली. म्हणाली, "मामा, एक सांगू? आई तुझ्या मागं नव्हती."

मला वाटलं, तू आता नाहीस असंच ती म्हणतेय.

"त्या खडकावर," ती म्हणाली. "मी खाली पाण्यात हुतो, मला सगळं दिसायलतं. तू डोळं मिटून हात जोडलास, आणि आई मागं सरली. लांब गेली आणि खाली बसली. पाय लटलटायलते तिचे. हिरीत एवढं पाणी हलत न्हाय, बाई, मला न्हाय जमायचं, असं शर्मिलाला म्हणाली, मागनं शर्मिलानंच सांगितलं मला. तू आपापला उडी मारलास मामा. मग शर्मिलानं तुला खोबणीत सोडून परत वर जाऊन आईला हाताला धरून मागच्या उतारावरनं खाली आणलं. ती उडी मारलीच न्हाय."

मी विचारलं, मग माझ्या पाठीला काय लागलं?

"जॅकेटचा पट्टा असंल. सुटला हुता, वारं किती हुतं." ती रडायला लागली. "मला म्हणाली हुती, बाळूला सांगू नको. त्याला वाटू दे मी मागं हाय म्हणून."

आक्का, मी त्या पडवीत बसलो आणि तुझं बोलणं एकेक आठवत गेलो. हरीची गोष्ट तू शंभरदा सांगितलीस, माझ्या उडीची सांगितलीस, कोपराची सांगितलीस. 'मी उडी मारलो' असं मात्र एकदाही म्हणाली नाहीस. तू न म्हणताच मला ते ऐकू आलं होतं, कारण विहिरीपासून मला तेच ठाऊक होतं, की बाळू पाण्यात गेला की मागोमाग आक्का येतेच. अख्ख्या आळीला पाण्यात लोटणारी माझी बहीण एकदा भ्याली आणि एका खडकावर एकटी बसली, आणि वरनं मला 'काठ धर' म्हणून ओरडत राहिली. तुझी ती भीती मला दिसली असती तर मी मागं फिरलो असतो गं. उडी गेली खड्ड्यात. तुझ्याजवळ येऊन बसलो असतो.

वीणाला वाटलं होतं, मला ऐकून बळ येईल. मामा, तू स्वतः मारलास उडी, हे तिनं दोनदा सांगितलं. मी तिच्या समाधानासाठी मान हलवली. पण मला त्या उडीचं काय करायचं आहे? मला तो हात हवा होता. बसमध्ये संकेश्वरपर्यंत मी खिडकीकडं तोंड करून बसलो, शेजारच्या माणसानं विचारलं तर म्हणालो, डोळ्यांत तंबाखूची धूळ गेली. निपाणीहून येणाऱ्या माणसाचं ते सगळ्यांना पटतं.

भांडणात तू अर्धं खरं बोललीस आणि अर्धं खोटं, आणि मी इतकी वर्षं नेमकी खऱ्या अर्ध्यावर हरकत घेत राहिलो. कधी तुझा राग येतो. मग तुझे लटलटणारे पाय डोळ्यांपुढं येतात आणि रागाचं काहीच होत नाही.

काल खालच्या मजल्यावरचे देसाई सर भेटायला आले होते. त्यांच्या घरून डब्यात पिठलं-भात आणला होता. बसले, इकडचं तिकडचं बोलले. समाचाराला आलेल्या माणसाला काय बोलावं ते सुचत नाही तेव्हा तो मेलेल्या माणसाची एखादी गंमत काढतो, तशी त्यांनी काढली. म्हणाले, "अहो, तुम्हाला समुद्रात ढकललं होतं त्याच ना या आक्का?"

मी डबा बाजूला सरकवला.

"न्हाय सर," मी म्हणालो. "ती ढकलली न्हाय. खरं मागंच हुती."